दोन इसेटा, एक निर्णय: जुनी मायक्रोकार ‘मूळ रूपात’ आणायची म्हणजे नेमकं काय?

गेल्या गणपतीत म्युनिकला आरती झाल्यावर मंडळातल्या एका तरुण मित्राने मोबाइल माझ्यापुढे धरला. "दादा, यातली कुठली घेऊ?" दोन फोटो होते. दोन्ही बीएमडब्ल्यूच्या इसेटा ३००, दोन्ही १९५९ सालच्या.

पहिली एका शेतकऱ्याच्या कोठारात उभी. निळा रंग टपावर उडून राखाडी पडलेला, दरवाज्याची खालची कड गंजलेली, बाकड्यासारख्या सीटला गेलेली भेग कुणीतरी दाभणाने शिवलेली. इंजिन बारा वर्षांत सुरू केलेलं नाही. पण गाडी पहिल्या दिवसापासून एकाच घरात आहे आणि रंग कारखान्यातून आला तोच आहे. दुसरी तांबडी-पांढरी, आरशासारखी लख्ख. क्रोम झगमगतंय, टायरला पांढरे पट्टे, बाजूच्या काचा फुगीर. किल्ली फिरवा आणि निघा. किंमत पहिलीच्या जवळजवळ दुप्पट.

त्याला आणि त्याच्या बायकोला दुसरीच आवडली होती. मी पहिली घे म्हणालो, आणि का ते सांगता सांगता रात्रीचे साडेअकरा वाजले. मी स्वतः अकरा वर्षं अशीच एक छोटी जुनी गाडी, मेसरश्मिट केआर २००, सांभाळतोय, त्यामुळे या विषयात मी तटस्थ नाही. पण दुसऱ्या बाजूचं म्हणणं मी खूप ऐकलंय आणि त्यातलं बरंचसं मला पटतंही. ते सगळं इथे शेजारी शेजारी ठेवतोय, म्हणजे ज्याला ठरवायचंय त्याला सोपं जाईल.

एवढीशी गाडी, एवढा वाद

इसेटा मूळची इटलीची. रेफ्रिजरेटर आणि स्कूटर बनवणाऱ्या इसो कंपनीने ती १९५३ मध्ये आणली. बीएमडब्ल्यूने परवाना घेऊन १९५५ पासून ती जर्मनीत बनवली, आपल्या मोटारसायकलचं एका सिलिंडरचं इंजिन तिच्यात बसवून. आधी २४७ सीसी आणि १२ अश्वशक्ती, मग २९८ सीसी आणि १३. गाडीची लांबी सव्वादोन मीटरच्या जरा पुढे. दरवाजा एकच आणि तोही समोर. तो उघडला की स्टीअरिंग त्याच्याबरोबर बाहेर येतं. पुढून धडक बसून दरवाजा अडकला तर बाहेर पडता यावं म्हणून टपाला कापडी छत. १९६२ पर्यंत बीएमडब्ल्यूने अशा १ लाख ६१ हजारांवर गाड्या बनवल्या.

माझी मेसरश्मिट त्याहून चमत्कारिक. दोघांनी एकामागे एक बसायचं, स्कूटरवर बसल्यासारखं. बायको मागे बसते आणि माझ्या खांद्यावरून रस्ता बघते. वरचा घुमट पारदर्शक प्लेक्सिग्लासचा. त्यावरून लोक ठोकून सांगतात की युद्धातल्या विमानांचे उरलेले घुमट वापरले होते. तसं काही नाही. फ्रिट्झ फेंड हा अभियंता आधी अपंगांसाठी छोट्या गाड्या बनवत होता. विमानं बनवायला बंदी आलेल्या मेसरश्मिटने त्याची कल्पना उचलली आणि १९५३ पासून रेगेन्सबुर्गला या गाड्या निघू लागल्या. केआर २०० आली १९५५ मध्ये आणि १९६४ पर्यंत चालली.

या गाड्या हौसेपोटी कुणी घेतल्या नव्हत्या. १९५५ मध्ये साध्यातली साधी फोक्सवॅगन बीटल पावणेचार हजार मार्कांच्या (तेव्हाचं जर्मन चलन) वर होती, इसेटा अडीच हजारांच्या आसपास. मोटारसायकलवर पावसात भिजणाऱ्या कुटुंबाला डोक्यावर छप्पर हवं होतं, इतकंच. हातात थोडे जास्त पैसे खेळू लागले तशा लोकांनी मोठ्या गाड्या घेतल्या आणि या भंगारात गेल्या.

वादाचं मूळ इथेच आहे. स्वस्तात आणि घाईत बनलेली वस्तू ‘मूळ रूपात’ आणायची म्हणजे कशी? सगळं नीट जमलं असतं तर ती जशी दिसली असती तशी? की प्रत्यक्षात कारखान्याच्या फाटकातून निघाली तशी, रंगाच्या ओघळांसकट? की साठ-सत्तर वर्षं जगून आज जशी उरली आहे तशी?

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. गावोगावच्या काळ्या दगडी देवळांना श्रद्धेनेच ऑइलपेंट फासला गेला आणि पुढे तो खरवडून काढायची वेळ आली. जीर्णोद्धार करणाऱ्याचा हेतू चांगलाच होता, पण दगड झाकला गेला तो गेलाच. उलट पंढरपूरला विठ्ठलाच्या पायांची झीज झाली तेव्हा मूर्तीला वज्रलेप केला. नवे पाय घडवून बसवा असं कुणी म्हणालं नाही. हजारो हातांनी झिजलेले पाय हेच त्या मूर्तीचं रूप आहे, हे सगळ्यांना आतून कळत होतं. मायक्रोकारवाल्यांचं भांडण नेमकं याच दोन टोकांमध्ये चालतं.

‘हात लावू नका’ म्हणणारे

या मंडळींचं म्हणणं एका वाक्यात सांगता येतं: गाडी मूळ फक्त एकदाच असते. रंग खरवडला की तो कितीही पैसे टाकून परत येत नाही.

हे भावनेपुरतं नाही. न उघडलेली गाडी हा कागदपत्रासारखा पुरावा असतो. कुठल्या नटाला कुठला लेप होता, सीटखाली रंग मारला होता की नुसतं प्राइमर ठेवलं होतं, वायरिंगला कुठल्या रंगाचं वेष्टन होतं, दरवाज्याचं रबर कसं चिकटवलं होतं. कंपनीच्या पुस्तिकेत हे सगळं नसतं. दुसरी एखादी इसेटा काटेकोरपणे दुरुस्त करायची तर बघायला अशीच गाडी लागते. म्हणजे पुनर्बांधणी करणाऱ्यांनाही न बांधलेल्या गाड्यांची गरज आहे, आणि त्या दरवर्षी कमी होतात.

जुन्या वाहनांच्या संघटनांचा जागतिक महासंघ, फिव्हा, याच बाजूला झुकतो. २०१२ मध्ये त्यांच्या सभेने ‘ट्युरिन सनद’ मंजूर केली. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ मध्ये झालेल्या व्हेनिस सनदेवर ती बेतलेली आहे. तिचा सूर असा: शक्य तितकं जतन करा, पुनर्बांधणी नाइलाज असेल तिथेच, बदल केलाच तर तो पुन्हा काढता येईल असा करा, आणि नवा भाग कुठला हे नंतरच्या माणसाला कळेल अशी खूण ठेवा. सनद म्हणजे कायदा नव्हे. पण पूर्वी ‘अरे, रंग तरी मार’ म्हणून टोमणे खाणाऱ्यांना तिने मोठा आधार दिला. आता बऱ्याच स्पर्धांत न रंगवलेल्या गाड्यांचा वेगळा वर्ग असतो.

या पक्षाचा कच्चा दुवाही सांगतो. गंज थांबत नाही. ‘काळाची छटा’ म्हणत लोक कुजलेला पत्रा तसाच ठेवतात आणि दहा वर्षांनी जतन करायला काही उरत नाही. इसेटाचा तळाचा पत्रा आणि दरवाज्याची खालची कड या जागा मूळच्याच पाणी धरणाऱ्या. तिथे मेणाचा थर पुरत नाही. कुजलेला तुकडा तेवढा कापून त्याच जाडीचा पत्रा वेल्ड करावाच लागतो. आणि ब्रेकचे रबर, पेट्रोलची नळी, टायर यांच्या बाबतीत ‘मूळचं आहे’ हे वाक्य मला ऐकवतसुद्धा नाही. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते जुन्या रबराच्या नळ्या फुगवतं आणि चिरवतं. कितीही नक्षी शाबूत असली तरी चाळीस वर्षांचा टायर बदलायचाच.

‘कारखान्यातून निघाली तशी’ म्हणणारे

हे लोक सगळ्यात अभ्यासू असतात आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. एखाद्या स्क्रूच्या डोक्याची खाच कशी होती यावर ते संध्याकाळ घालवतील. त्यांचा युक्तिवाद असा: बहुतेक मायक्रोकार आपल्यापर्यंत पोचतात त्या धड जुन्याही नसतात आणि धड मूळही नसतात. मधल्या चाळीस वर्षांत त्या कुणी विद्यार्थ्याने ब्रशने रंगवलेल्या असतात, मिळेल तो दिवा बसवलेला असतो, सीट भलत्याच रेक्झिनने मढवलेली असते. अशा गाडीत जपायचं काय? त्यापेक्षा कागद शोधा, क्रमांक जुळवा आणि ती जशी होती तशी परत उभी करा.

हे अगदी खरं आहे. इसेटाच्या बाबतीत तर सोयही आहे: चासी क्रमांक दिला की बीएमडब्ल्यूच्या संग्रहातून गाडी कधी बनली आणि कुठे पाठवली गेली याचा दाखला मागवता येतो. सीटखाली किंवा जिथे हात पोचत नाही अशा जागी बारीक पॉलिशपेपरने रुपयाच्या नाण्याएवढी जागा हळूहळू घासली की रंगाचे थर झाडाच्या वलयांसारखे दिसतात. सगळ्यात आतला तो कारखान्याचा.

पण या मार्गावर एक घसरण आहे आणि माझा खरा आक्षेप तिथे आहे. ‘कारखान्यातून निघाली तशी’ म्हणत सुरू झालेलं काम हळूहळू ‘कारखान्याने कधीच बनवली नव्हती इतकी छान’ इथे येऊन थांबतं. त्या काळच्या सिंथेटिक रंगाला आजच्या टू-पॅक, म्हणजे दोन घटक मिसळून मारायच्या रंगासारखी ओली चमक नव्हती. संत्र्याच्या सालीसारखा दाणा असायचा, आतल्या बाजूला रंग पातळ मारलेला, वेल्डिंगचे ठिपके उघड दिसायचे. आजचा पेंटर पुट्टी भरून ते ठिपके बुजवतो, पत्रा काचेसारखा करतो, जिथे साधा रंग होता तिथे क्रोम चढवतो. बघणारा ‘वा’ म्हणतो. पण कामगाराच्या घरची गाडी कशी होती हे त्यातून समजत नाही. पावसापासून वाचण्यासाठी घेतलेली वस्तू दागिन्यासारखी दिसू लागते, आणि पुढच्या पिढीला तीच खरी वाटते.

याला बाजाराने हातभार लावला. २०१३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत जॉर्जियातल्या मॅडिसन गावी ब्रूस वायनर यांच्या मायक्रोकार संग्रहालयाचा लिलाव झाला. संग्रहातल्या कित्येक गाड्या अतिशय उच्च दर्जाच्या पुनर्बांधणीतून गेलेल्या. मेसरश्मिटची चारचाकी बहीण, टीजी ५००, तिथे ३ लाख २२ हजार डॉलरला गेली. पील पी ५०, म्हणजे १३७ सेंटिमीटर लांबीची, रिव्हर्स गिअर नसलेली, मागची मूठ धरून हाताने वळवायची गाडी, १ लाख २० हजार डॉलरवर गेली. त्या दिवसानंतर बऱ्याच जणांच्या डोक्यात ‘चकाकी म्हणजे किंमत’ हे पक्कं बसलं. खरं तर टीजी ५०० साधारण ३२० बनल्या आणि पी ५० जेमतेम ५०. किंमत त्या दुर्मिळपणाची होती. लाखाच्या वर बनलेल्या इसेटाला तो हिशोब लावून चालत नाही.

मूळ खरं, पण कुठल्या देशातलं?

इंग्लंडमधल्या गाड्या पाहिल्या की ‘मूळ’ हा शब्द आणखी निसरडा होतो. तिथे तीनचाकी गाडीला रिव्हर्स नसेल तर ती मोटारसायकलच्या परवान्यावर चालवता येई. म्हणून काही गाड्यांमधला रिव्हर्स गिअर मुद्दाम बंद करून विकला जाई. जर्मनीत चार चाकांची असलेली इसेटा ब्रायटनच्या कारखान्यात मागे एकच चाक लावून बनू लागली. शिवाय उजव्या बाजूला स्टीअरिंग आल्यामुळे चालक आणि इंजिन एकाच बाजूला आले, म्हणून तोल सावरायला डावीकडे वजन ठेवावं लागलं.

आता अशी गाडी हातात आली तर रिव्हर्स पुन्हा चालू करायचा का? एक गट म्हणतो, गिअर पेटीत दाते आहेतच, कायद्यापायी लावलेली कडी काढली तर बिघडलं कुठे? दुसरा म्हणतो, ती कडी हाच त्या गाडीचा इतिहास आहे. मी दुसऱ्या गटात आहे. अरुंद गल्लीत उतरून गाडी ढकलावी लागते, ते कुणालाही नको असतं. पण इंग्लंडातल्या माणसाने त्या काळी ती गाडी का घेतली याचं उत्तर त्या बंद गिअरमध्ये आहे.

चालवणारे

तिसरा पक्ष फार वाद घालत नाही, कारण रविवारी तो रस्त्यावर असतो. त्यांचं म्हणणं, गाडी चालली पाहिजे आणि आजच्या रहदारीत तिने जिवावर बेतू नये. ठिणगीची वेळ साधणारे जुने यांत्रिक पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन, उजेडाचे दिवे, चांगले ब्रेक. बाहेरून काही कळत नाही, मग हरकत कशाला?

इथे गाडीनुसार उत्तर बदलतं. इसेटाचे ब्रेक मुळात हायड्रॉलिक आहेत आणि वीज बारा व्होल्टची. सिलिंडर, रबर आणि तेल नवं केलं की ती तिच्या वेगाला पुरेशी थांबते. तिच्यात फारसं बदलायची गरजच नाही. केआर २०० चे ब्रेक मात्र केबलवर चालतात. चारही बाजूंनी मोठ्या गाड्या असताना मला त्यांची धास्ती वाटते हे खरं आहे, आणि कुणी हायड्रॉलिक बसवले तर मी त्याला नावं ठेवणार नाही. फक्त जुने ड्रम, केबल आणि कड्या जपून ठेवा.

इग्निशनचं उलट. इसेटाला इलेक्ट्रॉनिक सेट लावला तर तासाभरात परत काढता येतो. केआर २०० चं साक्स इंजिन टू-स्ट्रोक, १९१ सीसी, आणि त्याला वेगळा रिव्हर्स गिअरच नाही. किल्ली आणखी आत दाबून फिरवली की डायनास्टार्ट (स्टार्टर आणि डायनामो एकत्र) इंजिनच उलटं फिरवून सुरू करतो, आणि मग चारही गिअर मागे जायला मिळतात. त्यासाठी पॉइंटचे दोन संच असतात, एक पुढे जाण्यासाठी, एक मागे. घाईने आधुनिक इग्निशन बसवलं तर गाडीची ही सगळ्यात सुंदर करामतच हरवू शकते. पहिल्यांदा एखाद्या लहान मुलाला बसवून मी गाडी उलटी सुरू करतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे उमटतं ते मला कुठल्याही सोयीपेक्षा मोलाचं आहे.

एक चूकही सांगतो, कारण ती भरून निघाली नाही. गाडी घेतली तेव्हा तिचा घुमट पिवळसर पडला होता आणि त्यात बारीक जाळ्या धरल्या होत्या. समोरून ऊन आलं की काही दिसायचं नाही. नवा घुमट घालणं बरोबरच होतं, आजही तेच करेन. पण ज्या गॅरेजमध्ये काम दिलं तिथे जुना टाकून दिला, आणि मी आधी सांगितलं नव्हतं. त्या घुमटाच्या कडेला आधीच्या मालकाने सुट्ट्यांतल्या गावांचे छोटे स्टिकर लावलेले होते. ते फोटोतसुद्धा नाहीत. तेव्हापासून मी प्रत्येकाला हेच सांगतो: बदला, पण टाकू नका.

कागद, कर आणि शहरात शिरणं

जर्मनीत राहणाऱ्यांना हा हिशोब उपयोगी पडेल. ३० वर्षांहून जुन्या, बऱ्यापैकी मूळ आणि सुस्थितीतल्या गाडीला तज्ज्ञाच्या तपासणीनंतर एच नंबरप्लेट मिळते. वापराच्या खुणा, उतरलेला रंग चालतो. कुजलेला पत्रा चालत नाही. त्या काळात होऊ शकले असते असे बदल सहसा मान्य होतात, आजच्या काळातले भलतेच बदल अडवले जातात. म्हणजे कोठारातली गाडी नीट सावरली तर तिला ती पाटी मिळायला अडचण नाही, आणि चकचकीत गाडीला ती आपोआप मिळेल असंही नाही.

पैशाच्या बाजूने गंमत आहे. एच पाटीचा वर्षाचा ठोक कर १९१.७३ युरो. मोठ्या इंजिनांना तो स्वस्त पडतो. इसेटा ३०० ला साध्या पाटीवर दर १०० सीसीला २५.३६ युरो, म्हणजे तीन टप्प्यांचे ७६.०८ युरोच पडतात. तरी म्युनिकच्या आतल्या भागात जायचं तर पर्यावरण क्षेत्राचा, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांना मज्जाव करणारा, नियम आडवा येतो आणि तिथे एच पाटी असेल तर सूट मिळते. केआर २०० तीनचाकी असल्यामुळे तिला त्या नियमातून अशीच सूट आहे. ज्याला इसेटा घेऊन शहराच्या मध्यावरच्या मरिएनप्लाट्झ चौकाच्या आसपास मिरवायचंय त्याने शंभर-सव्वाशे युरो जास्त धरावेत.

मग कुठली?

आता त्या दोन फोटोंकडे परत येऊ.

दुसरी, तांबडी-पांढरी गाडी १९५९ ची आहे असं कागद सांगतो. फुगीर बाजूकाचा पहिल्या काळातल्या इसेटाच्या. सरकत्या काचांची आवृत्ती १९५६ च्या शेवटाला आली आणि १९५९ पर्यंत तीच रुळली होती. इसेटाची बॉडी नळ्यांच्या वेगळ्या चासीवर बोल्टने बसते, त्यामुळे एका गाडीची चासी आणि दुसरीची बॉडी असा संसार सहज जमतो. फसवायच्याच हेतूने केलं असेल असं नाही. फुगीर काचा लोकांना आवडतात, कुणाकडे कुजलेल्या चासीवर चांगली बॉडी असेल, त्याने जोडली. चालवायला काहीच अडत नाही. पण ‘मूळ रूपात पुनर्बांधणी’ म्हणून दुप्पट किंमत मागत असेल तर ते मूळ कुठल्या गाडीचं, हा प्रश्न विचारायलाच हवा. पांढऱ्या पट्ट्यांचे टायर त्या काळी मिळत, हेही खरं. मार्क मोजून गाडी घेणाऱ्या घराने त्यावर वेगळे पैसे घातले असतील का, हा माझा मनातला प्रश्न.

ही गाडी बघायला गेलात तर फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक बरोबर न्या. दरवाज्याच्या खालच्या कडेला, चाकाच्या कमानीला, तळाला फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पत्र्याच्या जागी पुट्टी आहे. कामाचे टप्प्याटप्प्याचे फोटो मागा. ज्याने मन लावून काम केलंय त्याच्याकडे शेकडो फोटो असतात आणि तो ते आनंदाने दाखवतो. फोटो नाहीत म्हणाला तर चहा पिऊन परत या.

तरीही काही जणांसाठी दुसरीच योग्य आहे, हे प्रामाणिकपणे सांगतो. ज्याच्याकडे जागा नाही, हाताला हत्यारांची सवय नाही, वेळ फक्त उन्हाळ्यातल्या चार रविवारांचा आहे, त्याने कोठारातली गाडी घेऊन ती भाड्याच्या गॅरेजात आणखी दहा वर्षं कुजवण्यात काय अर्थ? त्यापेक्षा झालेली गाडी घ्यावी, किंमत खाली ओढावी आणि चालवावी. आधीच कुणीतरी मूळ रंग घालवलेला आहे. तुम्ही आणखी काही घालवत नाही.

माझा मित्र तसा नाही. तो नोकरीनिमित्त दिवसभर इंजिनांतच असतो, घराला तळघर आहे, बायकोला लाकूडकामाची आवड आहे. आणि पहिली गाडी एका घरातली, पहिल्या रंगातली आहे. ती चुकीच्या हातात गेली तर सहा महिन्यांत खरवडून तांबडी-पांढरी होईल, याची मला खात्री आहे. म्हणून त्याला म्हटलं, ही घे. आणि तिला रंग मारू नकोस.

तळाचा पत्रा तळहाताएवढा कुजलाय तेवढाच काप. आतल्या बाजूने गंजरोधक, वर मेण. टपाचा राखाडी झालेला रंग पॉलिशने उजळायचा मोह होईल. आधी सीटखालच्या कोपऱ्यात करून बघ, कारण जुना रंग पातळ असतो आणि एका दुपारी प्राइमरपर्यंत जातो. सीटची शिवण तशीच ठेव. दाभणाने शिवलेला तो टाका त्या घरच्या कुणाचा तरी हात आहे. नवं कापड घालायचंच तर वरून काढता येणारा अभ्रा शिव.

थोडं भारतातल्यांसाठी

इथले हिशोब तिथे लागू होत नाहीत, पण एक गोष्ट जुळते. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुन्या वाहनांसाठी तरतूद आली. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली आणि मोठा फेरबदल न झालेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल म्हणजे मोठा फेरबदल. घरात आजोबांची जुनी गाडी असेल तर तिला गॅरेजात देण्याआधी हा नियम वाचा; ‘एकदम नवी करून देतो’ म्हणणारा मेकॅनिक तुमची नोंदणीच अडचणीत आणू शकतो. बेंगळुरूला बनलेल्या तीनचाकी ‘बादल’सारख्या गाडीचं काय, हा वेगळाच पेच, कारण नियमात उल्लेख दुचाकी आणि चारचाकीचाच आहे. आणि इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी हाताने घडवलेल्या ‘मीरा’सारख्या गाडीला तर जुळवून बघायला कारखान्याचा नमुनाच नाही. तिच्यावर उरलेला प्रत्येक ओरखडा हाच नमुना. तिथे माझं मत शंभर टक्के पहिल्या पक्षाकडे.

भारतातून सुट्या भागांची मदत होते ती मात्र गोड आहे. केआर २०० ला ४.००-८ मापाचा टायर लागतो. पुण्याच्या रस्त्यावर धावणाऱ्या रिक्षाचं माप तेच. पहिल्यांदा कळलं तेव्हा मी टायरच्या कडेवरचा तो आकडा बोटाने दोनदा वाचला होता.

घेतल्यावर पहिला आठवडा

हे मी मित्राला कागदावर लिहून दिलं. गाडी धुऊ नकोस. आधी आहे तशी सगळीकडून फोटो काढ, सीटखालचा कचरासुद्धा. त्यात जुनी तिकिटं, पेट्रोलच्या पावत्या निघतात. जो भाग काढशील तो चिठ्ठी लावून डब्यात ठेव, तुटका असला तरी. त्या शेतकऱ्याशी एक दुपार बस, गाडी कुणी घेतली, कुठे कुठे गेली, निळा रंग कुणी निवडला ते विचार आणि लिहून घे. पुढच्या मालकाला गाडीबरोबर ती वही दे.

इंजिनाला थेट बॅटरी लावू नकोस. स्पार्क प्लग काढून आत थोडं तेल सोड, दोन दिवस थांब, मग हाताने फिरव. फिरलं तर ठीक, नाही तर जोर न लावता पुन्हा तेल. टाकी आणि कार्बोरेटर त्यानंतर, आणि ब्रेक झाल्याशिवाय गाडी अंगणाबाहेर काढायची नाही.

फक्त इंजिन हाताने फिरवायच्या दिवशी मला फोन कर. मला तिथे असायचंय.